दोन हिसके

कळंबचा गेणबा मोटार काढायला विहिरीत उतरताना कमरेला दोर बांधायचा. दोराला दोन हिसके दिले, की वरून शकुबाईनं ओढायचं. नवराबायकोची ती रीतच होती.

शेततळ्यावर मात्र त्यांनी कधी दोर नेला नाही. आपणच खणलेल्या तळ्याला काय भ्यायचं! पाइपातलं शेवाळ काढताना तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावरून गेणबाचा पाय घसरला. शकुबाईला पोहता येत नव्हतं. ती दोर आणायला घराकडं पळाली. परत आली तेव्हा पाणी गप्प होतं.

अंगावरचं नऊवारी लुगडं सोडून फेकलं असतं, तरी पुरलं असतं. हे तिला नंतर सुचलं, आणि मग रोज सुचत राहिलं.

तळं आता कोरडं पडलंय. काठावरच्या खांबाला तिनं दोर बांधून आत सोडलाय. भर दुपारी तो दोनदा ताणला जातो.

"आत्या, वारं हाय," सून सुप्रिया म्हणायची.

"वाऱ्याला ह्यो इशारा कुणी शिकवला?"

आज सुप्रियानंही पाहिलं. दोराचं टोक तळाशी मोकळं पडलं होतं, तरी दोर ताणला. पुन्हा ताणला.

शकुबाईनं पदर खोचला, पाय रोवले आणि ओढायला लागली. दोर माणसाएवढा जड लागत होता.

"आत्या, सोडा त्यो!"

"आता न्हाय सोडत."

खाली कोरडा कागद कुरकुरला. मग जरा वर. मग आणखी वर.

"या," शकुबाई रडत म्हणाली. "हळू या. कागद लई निसरडा हाय."