सरदारचं शेवटचं शिंगरू

धुरपदाबाईंनी नेहमीप्रमाणे आधी सरदारचं विचारलं, आणि नवलनं नेहमीप्रमाणे खोटं सांगितलं.

"बरा शे. सकायले बठ्ठी चंदी खाई लिधी."

त्याचा आवाज घोगरा, बसलेला. तबेल्यातल्या गवताच्या धुळीनं घसा धरलाय, असं तो कित्येक महिने तिला सांगत आला होता. इतके महिने धरून बसणारी धूळ कुठली असते? पण बाईंनी कधी उलट विचारलं नाही. हात पुढे करून त्यांनी त्याच्या शर्टाची बाही चाचपली, घोड्यांचा वास घेतला आणि भाकरीचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. साखरेच्या दुखण्यानं डोळे गेले होते, तरी चुलीपुढे त्यांचा हात चुकत नसे.

सरदार म्हणजे धरणगावजवळच्या हितेंद्रशेठच्या फार्मवरचा अस्सल थरोब्रीड घोडा. जन्मला तेव्हा त्याच्या आईला दूधच उतरलं नव्हतं. फार्मवर मजुरीला असलेल्या धुरपदाबाईंनी त्याला बाटलीनं पाजून वाढवलं. बाया हसायच्या, म्हणायच्या, धुरपदाला दोन लेक. बाई म्हणायच्या, हो, दोनच. तो पुण्याला सात शर्यती मारून आला आणि मग पैदाशीला राहिला.

मागच्या फाल्गुनात त्याला पुण्याकडे नेताना धुळ्याजवळ महामार्गावर गाडी उलटली. सरदार गेला. त्याच्याजवळ मागे बसलेला मोतद्दार, नवलसारखाच घोडे सांभाळणारा, तोही जागीच गेला. खरं तर मागे बसायची पाळी नवलची होती. मळमळतंय म्हणून त्यानं जागा बदलून घेतली आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, म्हणून वाचला. तेव्हापासून त्याला धड झोप नाही.

त्याच आठवड्यात बाई हृदयाच्या झटक्यानं जळगावच्या दवाखान्यात होत्या. आता धक्का बसला तर काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले. हितेंद्रशेठनी फार्मवरच्या सगळ्यांना, शेजारपाजारच्यांनाही बजावलं, म्हातारीला त्या अपघातातलं अक्षर कळता कामा नये. गावानं तोंडाला कुलूप घातलं. आणि नवल रोज दुपार कलली की ओट्यावर येऊन जिवंत सरदारच्या गोष्टी सांगू लागला.

सरदारच्या लेकरांची खबर मात्र खरी असे. मोबाईलवर शर्यतींचे निकाल बघून तो एकेकाचं सांगायचा. थोरला परवा पुण्यात दुसरा आला. त्याच्या पाठची तांबडी घोडी मुंबईत जिंकली. चौथ्याचा पाय मोडला, इथपर्यंत सांगितलं होतं, पुढचं सांगितलं नव्हतं. बाई ऐकताना गालातल्या गालात हसायच्या, कुणी नातवंडांचं कौतुक करावं तसं.

आज सांगायला मोठं होतं. चार दिवसांपूर्वी सरदारचं शेवटचं शिंगरू जन्मलं होतं. नर, अगदी बापाचा तोंडवळा. पण त्याला जन्म देताना घोडी गेली. चोपड्याकडच्या एका शेतकऱ्याच्या गावठी घोडीचं शिंगरू मेलं होतं, तिला आणलं. ती लाथा झाडायची, पोरक्याला जवळ येऊ देईना.

"मंग?" बाईंनी विचारलं.

फार्मवरच्या म्हाताऱ्या निंबानानांनी जुना उपाय केला होता. मेलेल्या शिंगराचं कातडं या पोरक्याच्या पाठीवर बांधलं. घोडीनं वास घेतला, पुन्हा घेतला आणि पान्हा सोडला. आता ती त्याला क्षणभर नजरेआड होऊ देत नाही, असं नवल म्हणाला.

"बिचारी वासवर फसनी," तो पुढे म्हणाला.

बाईंनी मान हलवली. "फसनी नही ती. तिन्ही कास दाटी गयी व्हती. तिले लेकरू पाहिजे व्हतं."

भाकरीचा घास नवलच्या हातातच राहिला.

मग बाई म्हणाल्या, उद्या मला फार्मवर घेऊन चल, त्या शिंगरावरून एकदा हात फिरवते. नवलनं थंडीचं निमित्त काढलं, रस्त्याचं काढलं, डॉक्टरचं काढलं. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आनि सरदारवरबी हात फिरावसू," त्या म्हणाल्या.

इतके दिवस रचलेलं सगळं उद्या एका रिकाम्या तबेल्यापुढे कोसळणार, हे नवलला दिसलं. तिथे तिला कुणीतरी भलतंच बोलून बसलं तर? त्यापेक्षा आपल्या तोंडून, तिच्या घरात, तिचा हात हातात घेऊन सांगितलेलं बरं. निदान अर्धं तरी. गोळ्यांची डबी जवळ आहे ना, एवढं त्यानं आधी बघून घेतलं.

"सरदार नही ऱ्हायना," तो म्हणाला.

बाईंचा हात त्याच्या हातात होता. तो हललाही नाही.

"माले म्हाईत शे. दवाखानामाईन ऊनू त्या दिनपाईन म्हाईत शे."

नवलला हुंदका आवरेना. ताट बाजूला सारून तो लहान पोरासारखा रडला. पाळी माझी होती, जागा मी बदलली, हे सगळं त्याच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. बाईंनी त्याला पुरतं रडू दिलं. मग पदरानं त्याचं तोंड पुसलं, केसांवरून सावकाश हात फिरवला.

"मन्हा दोन्ही लेक गयात. तुन्हा काय दोष त्यामा?" त्या म्हणाल्या. "ऊठ भाऊ. दिवस बुडाले ऊना. तुन्ही माय घर वाट दखत व्हई."