चिमटा

"जोर वाढव!" सर म्हणाले, तशी प्रयोगशाळेत केतकीने पंपाचा नॉब आणखी फिरवला. काचेवरच्या पेशींना चिकटलेले जंतू धुऊन निघायचं नाव घेईनात. उलट पाण्याच्या माऱ्यात जास्तच घट्ट बसले.

वैतागून तिने पंप मंद केला, तर ते आपसूक निसटू लागले! सरही चक्रावले. त्यांनी जंतूच्या आवरणावरच्या चिकट प्रथिनाची रचना संगणकाच्या पडद्यावर फिरवून पाहिली.

"अरेच्चा, चिमटाच की हा! ओढलं की मिटतो, सैल सोडलं की उघडतो."

दुसऱ्या दिवशी पाळणाघराच्या दारात केतकीच्या लेकीने नेहमीसारखी आईची ओढणी मुठीत आवळली. रोज केतकी ती हिसकून सोडवायची, रोज रडारड व्हायची. आज ती ओढाओढ न करता नुसती शेजारी बसली.

"आई, जा आता, तुला उशीर होईल," म्हणत लेक मूठ सोडून आत पळाली.

केतकीचा मात्र पाय निघेना.