भाडेकरूंची रांग

धायरीच्या नव्या इमारतीत अनंतराव गुंतवणुकीसाठी फ्लॅट बघायला आले होते, सोबत जाडजूड फाइल आणि पत्नी श्यामलाबाई.

"भाडं अठ्ठावीस हजार, डोळे झाकून," सेल्समन तेजस म्हणाला. "भाडेकरूंची नुसती रांग लागलीय, सर."

"मी जरा खाली पाय मोकळे करून येते," म्हणत श्यामलाबाई उठल्या. अनंतराव मात्र जागेच्या मालकीपासून लिफ्टच्या परवान्यापर्यंत एकेक कागद चष्मा वर-खाली करत तपासत बसले. बायकांना यातलं काय कळतंय!

तेवढ्यात तेजसचा मोबाइल वाजला. "बघा, भाडेकरूच!" तो गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलला आणि हसत परत आला. "एक ताई आहेत. आत्ताच येतायत बघायला."

अनंतराव हरखले. आता बघायचं काही राहिलंच नव्हतं. त्यांनी चेकबुक काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

श्यामलाबाई मोबाइल हातात घेऊनच दारात उभ्या राहिल्या.

"अहो, पेन खिशात ठेवा. फाटकावरच्या 'भाड्याने देणे आहे' पाटीवरचा नंबर लावला, तर मला पंधरा हजारांत देतायत. मजला हवा तो निवडा म्हणाले. त्यांच्या रांगेत मी एकटीच आहे."