कंटाळवाणा सर्व्हर

जलालाबादच्या दरड-सूचना केंद्रातला सर्व्हर पुन्हा अडकला. पहाटे त्याने आपणहून कसलीशी सुधारणा उतरवून घेतली आणि मग तो उठलाच नाही. बाहेर पाऊस कोसळत होता. डोंगराखालच्या गावांना धोका किती ते सांगणारं पान कुणाच्याच फोनवर उघडत नव्हतं.

केंद्र सांभाळणाऱ्या झूराचा पाय एका जागी ठरत नव्हता. तिचा मदतनीस मक्सात याने टेबलावर बदली म्हणून दोन मशीनं तयार ठेवली होती. दोन्हींवर फुकटची, कुणालाही आतून तपासता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टीम. एकावर जुनी, मुरलेली डेबियन, दुसऱ्यावर यंदाच निघालेली. कुठली घ्यायची, यावरून महिनाभर दोघांचं वाजत होतं.

"ही नवी घ्या ताई," मक्सात म्हणाला. "डेबियन म्हणजे आजोबांची टोपी. हिच्यात बघा, दर आठवड्याला काहीतरी नवीन होतं."

"तेच नकोय मला. जिच्यात काहीच होत नाही, अशी दे."

"पण वेग बघा हिचा!"

"वर्षभर न पडता कुणी चालवलीय हिला?"

"अजून वर्ष कुठे झालंय तिला?" तो पुटपुटला.

तेवढ्यात फोन वाजला. डोंगराखालच्या कोक-बेत गावाहून तिचा धाकटा भाऊ साबिर.

"ताई, पान उघडत नाहीये. वरून दगड घरंगळतायत."

"आईला घे आणि निघ."

"आम्ही निघू गं. पण गाव? मागच्या खेपेला मी उगाच पळवलं सगळ्यांना, अजून हसतात. पानावर दिसलं तरच हलतील."

झूराने फोन ठेवला. "डेबियन," ती म्हणाली.

मक्सातने वाद न घालता अडकलेल्या सर्व्हरची वायर काढून डेबियनच्या मशीनला लावली. पडद्यावर रेघा सरकू लागल्या. झूरा खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली.

"चाललं!" मक्सातने टाळी वाजवली. मग त्याला पानावरच्या नकाशातला रंग दिसला आणि त्याचे हात तसेच राहिले. कोक-बेत लाल होतं.

पान बघणाऱ्यांचा आकडा कोपऱ्यात भराभर चढत गेला. शंभर, दोनशे, चारशे. सर्व्हर मख्खपणे चालत राहिला. मग आकडा उतरू लागला.

"ताई, माणसं गळतायत. परत पडला की काय?"

झूराने पडद्यावरची नजर काढली नाही.

"नाही," ती म्हणाली. "चालायला लागली असतील."