पेशावरची बंदूक

"भाऊ, एकदाचं सांगून टाका ना. खरी हाय का खोटी?"

सरस्वतीबाईंनी पुन्हा विचारलं. ओसरीतल्या खाटेवर बंदूक ठेवली होती आणि वामनराव भिंग घेऊन तिच्यावर वाकले होते. बुलडाण्यात ते जुन्या शस्त्रांचं छोटं संग्रहालय उभारत होते. डोणगावात एका घरी पलटणीतली थ्री-नॉट-थ्री आहे, नळी रीतसर बंद केलेली, एवढं कानावर आलं आणि ते निघालेच.

सरस्वतीबाईंनी ऐंशी ओलांडली होती, पण त्यांना एका जागी बसवत नव्हतं. आत जायच्या, बाहेर यायच्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या. दाराशी त्यांच्याच वयाच्या तानुबाई बसल्या होत्या. "गावातलीच हाय," एवढीच त्यांची ओळख करून दिली गेली होती. त्यांची नजर बंदुकीवरून हलत नव्हती.

पहिल्या नजरेत बंदूक वामनरावांना आवडली होती. लाकूड जुनं, वजन बरोबर, मुकुटाचा शिक्का जागच्या जागी. मग भिंगाखाली अक्षरं आली. 'एनफिल्ड' या नावातलं इंग्रजी 'एन' उलटं कोरलेलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. आकडेही हातानं ठोकलेले, खालीवर झालेले. सरहद्दीकडचे लोहार इंग्रजांच्या बंदुकांची हुबेहूब नक्कल करायचे. लिहिता-वाचता येत नसे, म्हणून चुकायचे ते अक्षरांत.

आता म्हातारीला हे सांगायचं कसं? बापाची आठवण म्हणून हिनं जन्मभर सांभाळलेली वस्तू. वामनरावांनी भिंग खिशात घातलं, परत बाहेर काढलं.

"आई, वाईट वाटून घेऊ नका," ते शेवटी म्हणाले. "ही सरकारी बंदूक नाही. नक्कल आहे. पेशावरकडच्या बाजारात मिळायची, तसली."

सरस्वतीबाई मटकन खाली बसल्या. तोंडाला पदर लावला. वामनराव पाणी मागायला उठले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, बाई हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"ऐकलं का, तानू? माह्या बापानं बजारातूनच आणली होती! तुह्या बापाची नाई चोरली त्यानं!"

मग सगळं बाहेर आलं. दोघींचे वडील जिवलग दोस्त, एकाच पलटणीत भरती झालेले. सरहद्दीवर तानुबाईंच्या वडिलांची बंदूक रात्री पहाऱ्यावर असताना नाहीशी झाली. त्यांना कैद झाली, नाव कापून घरी पाठवलं गेलं. पुढं सरस्वतीबाईंचे वडील रजेवर आले ते ही बंदूक घेऊन. नकली आहे, हौसेनं घेतली, असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. गावानं मानलं नाही. दोन्ही घरांचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. बंदूक विकायची हे नुसतं निमित्त होतं. जाणकाराचा निवाडा समोरासमोर ऐकता यावा म्हणून सरस्वतीबाईंनी स्वतः जाऊन तानुबाईंना आज बोलावून आणलं होतं.

तानुबाई भिंत धरून उठल्या. चेहरा पार उतरला होता.

"चोरी झाली म्हणून तरी सांगत होतो आमी लोकायले," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे माह्या बापानंच हरवली. पहाऱ्यावर झोपला होता असं पलटणीचा साहेब म्हणे, ते खरंच म्हणायचं."

आणि त्या पायऱ्या उतरू लागल्या.

सरस्वतीबाईंचं हसू विझलं. हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. गुडघ्यावर हात टेकत त्या उठल्या, लगबगीनं गेल्या आणि शेवटच्या पायरीवर त्यांनी तानुबाईंचा दंड धरला.

"हरवली तं हरवली, तानू," त्या म्हणाल्या. "तिथं माणसं हरवली वं. तुहा बाप घरी आला, माहा आला. बंदुकीचं काय घेऊन बसली!"