शू फूचं जहाज

"बोट कुठाय?" कौशिकने गाडीचं दारसुद्धा लावलं नव्हतं.

कतारमधल्या अल रुवैसच्या धक्क्यावर माहिरा मॅडम बसल्या होत्या. त्याच्या मुलीच्या, दुर्गाच्या वर्गशिक्षिका, मूळच्या चिपळूणच्या. बोट लागते म्हणून त्या काठावरच थांबल्या होत्या.

"येईल, सर. वारा सुटलाय, म्हणून उशीर होतोय."

"गौरीचा फोन सकाळपासून लागत नाही!"

"समुद्रात रेंज कुठली? बसा ना."

तो बसला नाही. धक्क्याच्या कडेला जाऊन त्याने समुद्राकडे बघितलं. पाणी मातकट झालं होतं. लाटा धक्क्याच्या दगडांवर आदळून वरपर्यंत उडत होत्या. दूरवर एकही शीड दिसत नव्हतं.

शाळेचा इतिहास दिवस होता. चौथीची मुलं प्राचीन चिनी प्रवासी होऊन लाकडी बोटीतून समुद्रात एक फेरी मारून येणार होती. मदतीला एक आई हवी, म्हणून त्याची बायको गौरीही जाणार होती. कौशिकने आधी साफ नकार दिला होता. नऊ वर्षांची पोर, तीही नुकतीच हाताचं प्लास्टर काढलेली. जिन्यावरून पडली होती, असं त्यानेच डॉक्टरांना सांगितलं होतं.

पण गौरीने पुन्हा विचारलं. एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. दुर्गा दाराआड श्वास रोखून उभी होती. त्याला कसंसंच झालं आणि तो हो म्हणाला. बंदरावर ओरिजिनल पासपोर्ट बघतात, असं गौरी म्हणाली, तेव्हा कुलपातले दोघींचे पासपोर्ट त्याने स्वतः काढून दिले. परदेशात सरकारी माणसाने एक कागद मागितला की आपला माणूस वर दोन झेरॉक्स देतो. कौशिकनेही दिल्या. सकाळी माहिरा मॅडमच्या गाडीत बसताना दुर्गाने हात हलवला नाही, ते मात्र त्याला खटकलं होतं.

आता वाटत होतं, कशाला हो म्हटलं आपण?

"गौरी आणि दुर्गाला पोहता येत नाही, मॅडम."

"सगळ्या मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट्स आहेत." मॅडमनी थर्मासमधला कडक चहा त्याच्यापुढे धरला. "घ्या. दुर्गाने तुम्हाला शू फूची गोष्ट सांगितली असेल ना?"

सांगितली नव्हती. तो घरी आला की दुर्गा गप्पच असायची. शिस्तीची मुलगी, असं तो चारचौघांत कौतुकाने सांगत असे.

"चीनचा एक सम्राट होता," मॅडम सांगू लागल्या. "त्याच्यापुढे मान वर करायची कुणाची टाप नव्हती. त्याला अमर व्हायचं होतं. शू फू म्हणाला, पूर्वेच्या समुद्रात एक बेट आहे, तिथे अमृत मिळतं. पण मला जहाजं लागतील, धान्य, कारागीर आणि हजारो मुलंमुली लागतील. सम्राटाने सगळं दिलं."

"मग?"

"कुणीच परत आलं नाही."

कौशिकने चहा तसाच खाली ठेवला. "ही काय वेळ आहे का हो असलं सांगायची?"

"बुडाले नाहीत, सर. लोक म्हणतात, ते जपानच्या किनाऱ्याला लागले, तिथेच राहिले. जपानी माणसं त्यांचीच लेकरं, असंही म्हणतात. इतिहासकारांना ते पटत नाही, पण माझ्या वर्गाला पटतं." त्यांनी हातातल्या फोनकडे पाहिलं आणि तो पुन्हा उलटा ठेवला. "दुर्गाने ती गोष्ट मला तीनदा सांगायला लावली."

कौशिकचं लक्ष गोष्टीत नव्हतं. डोळ्यांपुढे नाही नाही ते येत होतं. पाण्यावर तरंगणारी दुर्गाची वेणी. गौरीची पांढरी पडलेली बोटं. देवा, एवढ्या वेळी दोघींना सुखरूप आण, मी पुन्हा आवाज चढवणार नाही, असं तो मनातल्या मनात म्हणत होता. आणि ते अगदी खरं होतं. असं म्हणताना ते नेहमीच खरं असे.

"आली!" मॅडम उठल्या.

बोट लाटांवर हेलकावे खात धक्क्याला लागली. रंगीत झगे घातलेली, ओलीचिंब, घाबरलेली मुलं एकेक करून उतरली. कौशिक प्रत्येकीचा चेहरा बघत होता. शेवटचं मूल उतरलं, तसा तो पुढे घुसला.

"माझी मुलगी कुठाय? बायको कुठाय?"

"पोरं सगली आनलीत, सायेब," बोटीचा तांडेल अबूबकर म्हणाला.

"दोघी नाहीयेत! पडल्या पाण्यात! तुमचं लक्ष कुठं होतं?"

अबूबकरचा चेहरा उतरला. सकाळी चढताना मोजदाद मॅडमनीच केली होती. त्याने मुलांकडे पाहिलं, मागे खवळलेल्या समुद्राकडे पाहिलं. मग खलाशांना हाक मारून त्याने धक्क्याला बांधलेला दोर सोडायला घेतला. "यल्ला, परत चला! दोन मानसं ऱ्हायलीत!" कौशिक धावत जाऊन बोटीच्या काठाला लोंबकळला. मीही येतो म्हणून ओरडत होता, ओक्साबोक्शी रडत होता. असं रडताना त्याला कधी कुणी पाहिलं नव्हतं.

"अबूबकरभाई, थांबा." माहिरा मॅडमचा आवाज कापत होता. "असल्या वाऱ्यात जीव धोक्यात घालू नका. पाण्यात कुणी नाही."

"तुम्हाला काय माहीत?" कौशिक किंचाळला.

मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. हातातला फोन त्यांनी समोर धरला आणि आलेला निरोप लावला.

"मिस!" दुर्गाचा आवाज होता. मागे कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजत होता. कौशिक मटकन खाली बसला. जिवंत होती! दोन्ही हात जोडून तो हसू लागला, डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान त्याला राहिलं नाही.

"मिस, वी लँडेड! मम्मा इज क्राइंग, बट हॅपीवालं क्राइंग. अँड मिस, प्लीज, पप्पा किती पण रडले ना, तरी त्यांना सांगू नका आम्ही कुठे आहोत."