चुकीचा काठ

रामगंगा नदी. नीलांबरीच्या टेबलावर फारसीची तीन व्याकरणं. तिने बसमध्ये विसरलेला एक हातमोजा. घोडे विकायला आलेले आणि गंगेपलीकडे कायमचे राहिलेले पठाण. आणि झोयाचं ते "आमच्या रोहिलखंडात".

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या विद्यापीठात उत्तर प्रदेशातल्या रोहिलखंडाच्या इतिहासावर आठ वर्षं नीलांबरी एकटीच काम करत होती. मग तिथल्याच रामपूरची झोया पीएचडीला आली. यंदाच्या व्याख्यानाला विभागाने झोयालाच बोलावलं.

"काय बोलते यार!" नीलांबरीच्या शेजारी बसलेली रुचा कुजबुजली. "तिथे राहून आल्यासारखी."

"राहूनच आलीय. आम्ही नुसते कागद चाळले."

पडद्यावर नकाशा आला. झोयाने पणजोबांच्या गावावर बोट ठेवलं आणि नीलांबरी ताठ बसली. ते गाव प्रत्यक्षात नदीच्या पलीकडच्या काठावर होतं. जुन्या महसुली कागदांतून तिला हे गेल्याच वर्षी कळलं होतं. तिने हात वर केला.

"स्वतःचं गाव तरी योग्य काठावर ठेवायचंस, झोया!"

सगळे हसले. झोया आधी नकाशाकडे, मग नीलांबरीकडे बघत राहिली.

"सॉरी दीदी. मी तपासून घ्यायला हवं होतं," ती म्हणाली आणि शेवटची स्लाइड न दाखवताच तिने लॅपटॉप मिटला.

त्या दिवशी कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच नीलांबरीला सपाटून भूक लागली. ती रुचाला घेऊन जेवायला गेली.

त्या शेवटच्या स्लाइडवर एकच ओळ होती: नकाशा नीलांबरीदीदींच्या पहिल्या लेखातून, जसाच्या तसा.